जुनें टू-स्ट्रोक जलवाहन : सांभाळ आणि सुधारणा

सकाळची कचेरीची वेळ. अंगणांत उभी असलेली स्कूटर एका अंगावर कलती करावयाची, पुन्हां सरळ करावयाची आणि मग किकवर पाय द्यावयाचा. दोन-तीनदां खोकल्यासारखा आवाज होई, निळसर धुराचा एक लोट बाहेर पडे आणि एंजिन चालूं होई. १९७२ सालीं बाजारांत आलेली बजाज कंपनीची चेतक स्कूटर आणि त्याच वर्षीं पुण्याच्या कायनेटिक कंपनीनें काढलेली लुना यांनीं हें दृश्य महाराष्ट्राच्या घरोघरीं नेऊन पोंचविलें. पेट्रोलपंपावर गेलें म्हणजे पेट्रोलाबरोबर ‘टू-टी’ तेलाचें माप टाकींत ओतून घ्यावयाचें, हा तर नित्याचा शिरस्ता. हें तेल पेट्रोलांतच कां मिसळावयाचें, मोटारगाडीसारखें तें एंजिनाच्या तळाशीं निराळें कां भरावयाचें नाहीं, हा प्रश्न मात्र फार थोड्यांना पडला असेल. प्रस्तुत विषयाचें मर्म याच प्रश्नाच्या उत्तरांत आहे.

विषय आहे पाण्यावर उभ्यानें चालवावयाच्या जुन्या जेट-स्कीचा. सुमारें दोन ते सव्वादोन मीटर लांबीचें एक बंद कवच, त्याच्या पोटांत दोन सिलिंडरांचें टू-स्ट्रोक एंजिन, पुढच्या टोकाशीं बिजागरीवर खालींवर होणारा एक लांब दांडा आणि दांड्याच्या शेवटीं सायकलीसारखें हॅंडल, असें हें वाहन असतें. स्वारानें मागच्या सपाट भागावर उभें राहावयाचें. तळाच्या जाळींतून पाणी आंत ओढलें जातें, नळींतील पंखा त्याला रेटतो आणि मागच्या अरुंद तोंडांतून तें जोरानें बाहेर फेंकलें जातें. त्याच्या प्रतिक्रियेनें वाहन पुढें धांवतें. ही कल्पना कॅलिफोर्नियांतील मोटारसायकलींचा शौकीन क्लेटन जेकबसन याची. जपानच्या कावासाकी कंपनीनें ती उचलली आणि १९७३ सालीं हें वाहन प्रथम बाजारांत आणलें. ‘जेट-स्की’ हें नांव मूळचें त्याच कंपनीचें. पुढें तें तशा सर्वच वाहनांना चिकटलें. मराठी घरांना कावासाकी हें नांव परकें नाहीं. १९८६ सालीं बजाज कंपनीनें याच कावासाकीच्या सहकार्यानें केबी-१०० ही टू-स्ट्रोक मोटारसायकल काढली होती. १९९० सालीं यामाहा कंपनीनें सुपरजेट नांवाची उभी जेट-स्की काढली आणि या दोन कंपन्यांच्या वाहनांनींच हा खेळ रूढ केला. कावासाकीचें शेवटचें टू-स्ट्रोक उभें वाहन २०११ पर्यंत निघत होतें. यामाहानें २०२१ पासून सुपरजेटला फोर-स्ट्रोक एंजिन बसविलें. मालवण-तारकर्लीच्या किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर प्रवाशांना फिरवितात त्या जेट-स्की बहुधा बसून चालवावयाच्या आणि फोर-स्ट्रोकच्या असतात. जुनी उभी जेट-स्की ही आतां हौशी माणसांच्या आणि जाणत्या मिस्त्र्यांच्या हातीं उरलेली वस्तु आहे.

समुद्रापासून शेंकडो मैल दूर असलेल्या गोंदिया जिल्ह्याचा याच्याशीं काय संबंध, असें कोणी विचारील. येथील तलावांवर पिढ्यानुपिढ्या चालत आला तो ढिवरांचा डोंगा. परंतु संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे. पहिला असा, कीं ज्या मिस्त्र्यानें आयुष्यभर लुना, चेतक आणि एम-८० यांचीं एंजिनें उघडलीं, त्याच्या बोटांत टू-स्ट्रोकचें जें ज्ञान आहे तेंच या वाहनाला लागतें. फक्त पाण्यामुळें त्यांत कांहीं भर घालावी लागते. दुसरा संबंध तलावाच्या पाण्याचा आहे. त्याचा विचार एंजिनाची ओळख झाल्यावर करणें सोईचें होईल.

मोटारगाडीच्या एंजिनांत मिश्रण ओढणें, दाबणें, जाळणें आणि धूर बाहेर टाकणें या चार कामांना दट्ट्याचे चार घात लागतात. तींच चार कामें दोन घातांत उरकणारें एंजिन तें टू-स्ट्रोक. स्कॉटलंडच्या डुगाल्ड क्लार्क यानें असें एंजिन १८७८ सालीं तयार केलें. परंतु स्कूटरींत आणि जेट-स्कींत दिसणारी सोपी रचना इंग्लंडांतील जोसेफ डे याच्या १८९१ च्या पेटंटापासून सुरू झाली. डे याची युक्ति अशी, कीं दट्ट्याच्या वरच्या बाजूप्रमाणें खालची बाजूहि कामाला लावावयाची. दट्ट्या वर जातो तेव्हां त्याच्या खालच्या बंद कोठींत, म्हणजे जिच्यांत क्रॅंकशाफ्ट फिरतो त्या कोठींत, पोकळी निर्माण होते आणि कार्बुरेटरांतून हवा-पेट्रोलाचें मिश्रण आंत ओढलें जातें. त्याच वेळीं वर आधींचें मिश्रण दाबलें जात असतें. ठिणगी पडून तें पेटलें, कीं दट्ट्या खालीं येतो. येतांना सिलिंडरच्या भिंतींतील एक खिडकी उघडते आणि धूर बाहेर जाऊं लागतो. दट्ट्या आणखी खालीं आला म्हणजे दुसऱ्या खिडक्या उघडतात आणि कोठींत दाबलें गेलेलें ताजें मिश्रण वर घुसून उरलेल्या धुराला बाहेर ढकलतें. दट्ट्याच येथें झडपेचें काम करतो. भाग थोडे, वजन कमी आणि क्रॅंकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. म्हणूनच इतकें लहान एंजिन इतका जोर दाखवितें.

आतां तेलाचें कोडें सुटतें. कोठी ही मिश्रणाची वाट आहे; तेथें तेल भरून ठेवतां येत नाहीं. क्रॅंकशाफ्टचीं बेअरिंगें, दट्ट्या आणि रिंगा यांना लागणारें तेल पेट्रोलाबरोबरच यावें लागतें आणि पेट्रोलाबरोबरच तें जळून जातें. पुष्कळ जुन्या जेट-स्कींना पन्नासास एक हें प्रमाण सांगितलेलें असतें. म्हणजे १ लिटर पेट्रोलास २० मिलिलिटर, १० लिटरांस २०० मिलिलिटर तेल. चाळिसास एक म्हटलें तर तेंच माप लिटरास २५ मिलिलिटर होतें. मोजमाप भांड्यानें करावें, अंदाजानें करूं नये. ‘थोडें अधिक तेल असलेलें बरें’ ही समजूत घरगुती शहाणपणाची वाटते; पण कार्बुरेटरच्या सूक्ष्म छिद्रांतून ठराविकच द्रव जाणार, त्यांत तेल वाढलें म्हणजे तितकें पेट्रोल घटतें. काळजीपोटीं टाकलेलें तेल मिश्रण पातळ करतें आणि प्लगहि काळा करून टाकतें.

पातळ मिश्रण म्हणजे ज्यांत हवा अधिक आणि पेट्रोल कमी. फोर-स्ट्रोकच्या मानानें टू-स्ट्रोकला याचा धोका कितीतरी अधिक. मिश्रण पातळ झालें, कीं सिलिंडरांतील उष्णता वाढते. आणि तेल पेट्रोलाच्याच खांद्यावर बसून येत असल्यामुळें नेमक्या त्याच क्षणीं तेलहि घटतें. अॅल्युमिनियमचा दट्ट्या तापून फुगतो, सिलिंडरच्या भिंतीला घासतो आणि एंजिन जाम होतें. यांत फसवणुकीची गोष्ट अशी, कीं जाम होण्यापूर्वीं थोडा वेळ एंजिन नेहमींपेक्षां अधिक चपळ चालल्यासारखें वाटतें. चालविणाऱ्याला आनंद होतो, आणि पुढच्या मिनिटास सिलिंडर बोअर करण्याचा खर्च उभा राहतो. तात्पर्य, हवा, पेट्रोल आणि तेल यांचा हा एकच जमाखर्च आहे. एका रकान्यांत भर पडली आणि दुसऱ्यांत नोंद झाली नाहीं, तर तूट दट्ट्याला भरून द्यावी लागते.

स्कूटर जाणणाऱ्या मिस्त्र्याला येथपर्यंत नवें कांहीं नाहीं. पाण्यावर मात्र चार गोष्टी बदलतात. पहिली गोष्ट थंडाव्याची. स्कूटरचें एंजिन पंख्याच्या वाऱ्यानें थंड होतें; जेट-स्कीचा पंप पुढें रेटण्याच्या पाण्यांतलाच थोडा भाग एका बारीक नळीनें एंजिनाकडे पाठवितो, तो सिलिंडर आणि धुराची नळी यांभोंवतीं फिरून बाहेर पडतो. दुसरी गोष्ट भाराची. येथें गिअर नाहीं आणि क्लचहि नाहीं. एंजिन सुरू, कीं पंखा सुरू. लाटेवरून उडी मारतांना किंवा जाळींत गवत अडकल्यावर पंख्याला पाण्याऐवजीं हवा मिळाली, तर भार एकदम नाहींसा होऊन एंजिनाचे फेरे भलतेच वाढतात. तिसरी गोष्ट कार्बुरेटरची. वाहन वारंवार आडवें-उलटें होणार, म्हणून त्यांत पेट्रोलाची वाटी आणि तरंगणारा फ्लोट नसतो. त्यांचें काम रबरी पडदा करतो. पेट्रोल ओढणारा पंपहि कोठींतील दाबाच्या स्पंदनांवर चालतो. चौथी गोष्ट बंद कवचाची. पेट्रोलाची वाफ हवेहून जड. ती तळाशीं सांचते. म्हणून प्रत्येक वेळीं झांकण उघडून, वारा खेळूं देऊन मगच एंजिन चालूं करावें. कार्बुरेटरच्या तोंडावर ज्वाला अडविणारी जाळी बसविलेली असते. अधिक हवा मिळावी म्हणून ती काढून टाकणारा माणूस आगीला दार उघडून देतो.

आता सांभाळाचा क्रम पाहूं. जुनी जेट-स्की हातीं आली, कीं पहिली तपासणी एंजिनाच्या बंदिस्तपणाची. क्रॅंकशाफ्टच्या दोन्ही टोकांस रबरी सील असतात. ते वर्षानुवर्षें पडून राहिल्यानें कडक होतात. सिलिंडरखालील गॅस्केट, कार्बुरेटरमागील पात्यांची झडप आणि तिचा सांधा याहि संशयाच्या जागा. यांपैकीं कोठूनहि हवा आंत शिरली, तर ती कार्बुरेटरच्या मापांत न येणारी हवा असते. मिश्रण पातळ होतें आणि स्क्रू कितीहि फिरविले तरी दोष सांपडत नाहीं. याची परीक्षा सायकलीचें पंक्चर शोधण्यासारखीच आहे. एंजिनाचीं सर्व तोंडें बुचें लावून बंद करावीं आणि पंपानें हलकासा, दर चौरस सेंटिमीटरास अर्ध्या किलोच्या आंतला, दाब द्यावा. जास्त दाब दिला तर चांगले सीलहि निखळतात. मापकाचा कांटा जागेवर राहिला तर एंजिन बंदिस्त. खालीं येऊं लागला तर सांध्यांवर साबणाचें पाणी लावावें, बुडबुडे दोष दाखवून देतात.

दुसरी तपासणी दाबाची. दोन्ही प्लग काढून मापक लावावा, हॅंडलवरील पेट्रोलाचा खटका पूर्ण उघडा धरावा आणि एंजिन फिरवावें. आकडा किती येतो यापेक्षांहि दोन्ही सिलिंडरांचे आकडे जवळजवळ येतात कीं नाहीं, हें महत्त्वाचें. त्यांत दहा टक्क्यांहून अधिक अंतर दिसलें तर एका बाजूच्या रिंगा, दट्ट्या किंवा भिंत झिजली असें समजावें. तिसरी साक्ष प्लगांची. जायफळासारखा तपकिरी रंग म्हणजे प्रकृति चांगली. काळा आणि ओला म्हणजे मिश्रण दाट किंवा तेल फार. पांढरा-फटक म्हणजे मिश्रण पातळ, आणि अशा एंजिनाला पुन्हां भरधांव सोडूं नये. हे दोन प्लग एकसारखे नसतील, तर दोष दोन्ही सिलिंडरांना सारखें पेट्रोल देणाऱ्या टाकींत किंवा नळ्यांत शोधण्यापेक्षां एका बाजूच्या सीलांत किंवा कार्बुरेटरांत शोधावा.

चौथें काम कार्बुरेटरचे रबरी पडदे आणि आंतील बारीक गाळणी बदलण्याचें. आणि येथें आजच्या पेट्रोलाचा विचार केलाच पाहिजे. २०२५ पासून देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळूं लागलें. हें इथेनॉल उंसाच्या मळीपासून होतें, तसेंच तांदळाच्या कणीपासूनहि होतें, त्यामुळें धानाच्या जिल्ह्याला तें अनोळखी नाहीं. परंतु पन्नास वर्षांपूर्वींच्या आराखड्याच्या एंजिनाला तें तीन प्रकारें जड जातें. इथेनॉल जुनें रबर आणि जुन्या नळ्या खराब करूं शकतें. तें हवेंतील ओलावा शोषून घेतें, आणि ओलावा फार झाला म्हणजे इथेनॉल व पाणी पेट्रोलापासून वेगळें होऊन टाकीच्या तळाशीं बसतें. त्या थरांत तेल नीट विरघळत नाहीं. शिवाय इथेनॉलच्या अंगीं प्राणवायु असल्यामुळें पूर्वींच्याच छिद्रांतून गेलेलें मिश्रण किंचित् पातळ ठरतें. म्हणून अशा पेट्रोलाला टिकणाऱ्या नळ्या आणि पडदे बसवावेत, मिश्रण लागेल तेवढेंच करावें, महिनोन्‌महिने तें टाकींत ठेवूं नये, आणि प्लगांचा रंग पाहून कार्बुरेटर थोडा दाट लावावा.

पांचवें काम पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवण्याचें. तलावांतील गाळ, शेवाळ, जलपर्णीचीं मुळें आणि कांठाची बेशरम यांचे तुकडे तळाच्या जाळींतून आंत जातात. थंडाव्याची बारीक नळी तुंबायला तेवढें पुरतें. बाजूच्या छिद्रांतून पाण्याची धार सतत पडते आहे कीं नाहीं, इकडे चालविणाऱ्याचें लक्ष हवें. धार थांबली, कीं एंजिन थांबविलें पाहिजे. जमिनीवर पाण्याविना एंजिन १५ सेकंदांहून अधिक चालवूं नये. खेळ संपल्यावर बागेच्या नळीनें एंजिन आंतून धुवावें, पण क्रम चुकूं नये : आधीं एंजिन सुरू करावें, मग नळ सोडावा; आधीं नळ बंद करावा, मग एंजिन थांबवावें. हा क्रम उलटला, तर न चालणाऱ्या एंजिनांत धुराच्या नळीकडून पाणी शिरून सिलिंडरांत भरतें. पाणी शिरलेंच तर प्लग काढून तें बाहेर घालवावें, सिलिंडरांत थोडें तेल घालावें आणि एंजिन त्याच दिवशीं चालूं करून वाळवावें. उद्यांवर टाकलें तर बेअरिंगांवर गंज चढतो. पावसाळ्यांत किंवा उन्हाळ्यांत वाहन महिनोन्‌महिने ठेवावयाचें असेल तेव्हांहि टाकी आणि कार्बुरेटर रिकामे करून सिलिंडरांत तेलाचा फवारा मारून ठेवावा. पंखा आणि त्याभोंवतींची कडी यांमधील अंतरहि तपासावें. तें मिलिमीटराच्या कांहीं अंशाएवढेंच असावें लागतें. खड्यांनीं कडी कोरली गेली, कीं एंजिन ओरडतें आणि वाहन मात्र जागचें हलत नाहीं.

एवढा सांभाळ झाला म्हणजेच सुधारणेचा विचार करण्याचा अधिकार येतो. सुधारणा म्हटली, कीं बहुतेक हौशी लोक प्रथम धुराच्या नळीकडे पाहतात, आणि त्याला कारण आहे. टू-स्ट्रोकांत धुराची खिडकी आणि ताज्या मिश्रणाच्या खिडक्या एकाच वेळीं कांहीं काळ उघड्या असतात. त्यामुळें ताजें मिश्रण थोडेंबहुत धुराबरोबर पळून जातें. पूर्व जर्मनींतील एमझेड कारखान्याचा अभियंता वाल्टर काडेन यानें १९५० नंतरच्या दशकांत यावर मोठा उपाय सिद्धीस नेला. धुराची नळी आधीं रुंद होत जाणारी आणि मग निमुळती अशी केली, तर स्फोटाची दाबलाट नळींतून जाऊन टोंकाकडून परत फिरते आणि पळून जाऊं पाहणारें मिश्रण खिडकी मिटण्यापूर्वींच सिलिंडरांत मागें ढकलते. १९६१ सालीं त्याचा शर्यतपटु एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळून गेला आणि ही विद्या जपानच्या सुझुकी कंपनीच्या हातीं लागली. पुढच्याच वर्षीं सुझुकीनें ५० सीसीचें जागतिक विजेतेपद मिळविलें. जेट-स्कीला बाहेरून आणून बसवितात त्या नळीचें तत्त्व हेंच. मात्र लाटेचा परत येण्याचा वेळ एंजिनाच्या ठराविक फेऱ्यांशींच जुळतो. एका वेगांत जोर वाढतो, दुसऱ्या वेगांत तो घटतो. आणि सिलिंडरांत मिश्रण अधिक टिकूं लागलें, कीं पूर्वींच्या पेट्रोलाच्या मापावर विसंबतां येत नाहीं. कार्बुरेटरचें माप नव्यानें लावावें लागतें.

हाच नियम इतर सुधारणांना लागूं आहे. मोठा कार्बुरेटर, तासून मोठ्या केलेल्या खिडक्या, दाब वाढविण्यासाठीं घासलेलें सिलिंडरचें डोकें, प्रत्येकीचा अर्थ अधिक हवा किंवा अधिक उष्णता. त्यांची भरपाई अधिक पेट्रोलानें, अधिक थंडाव्यानें आणि अधिक ऑक्टेनच्या इंधनानें व्हावी लागते. खिडकी एकदां तासली, कीं ती पुन्हां लहान होत नाहीं. म्हणून शहाण्या मिस्त्र्याचा क्रम उलटा असतो. तो आधीं एंजिनाला हात न लावणाऱ्या सुधारणा करतो : पाणी नीट पकडणारी तळाची जाळी, मागची तळपट्टी, आणि एंजिनाच्या जोराला शोभेल अशा पिळाचा पंखा. पंख्याचा पीळ कमी असेल तर एंजिन फुकट फिरतें, जास्त असेल तर दमतें. तो जुळला, कीं एंजिन उघडल्याविना वाहन सुधारतें. त्यानंतर नळी, आणि सर्वांत शेवटीं सिलिंडर. एका वेळीं एकच बदल करावा, त्यानंतर प्लग पाहावेत आणि मगच पुढें जावें. दोन बदल एकदम केले तर दोष कोणाचा हें कळत नाहीं. आणखी एक गोष्ट कोणत्याहि सुधारणेंत वगळूं नये, ती म्हणजे मनगटाला बांधावयाची दोरी. प्रारंभींच्या नमुन्यांत स्वार पडला, कीं वाहन मंद गतीनें गोल फिरत त्याच्याजवळ येई. नंतर दोरी सुटतांच एंजिन बंद पडण्याची सोय झाली. जोर वाढविलेल्या वाहनाला ही सोय हवीच हवी.

आतां तलावाचें पाणी. धुराबरोबर पळून जाणाऱ्या ताज्या मिश्रणाचा उल्लेख वर आला. कार्बुरेटरच्या जुन्या टू-स्ट्रोकांत हा भाग लहान नसतो. जळण्यासाठीं दिलेल्या पेट्रोलाचा चतुर्थांशाच्या आसपास भाग न जळतांच बाहेर पडतो. स्कूटरचा तो धूर हवेंत जाई. जेट-स्कीची धुराची नळी पाण्याजवळच उघडते. म्हणून न जळलेलें पेट्रोल आणि तेल पाण्यांत मिसळतें. ज्या कॅलिफोर्नियांत हें वाहन जन्मलें, तेथल्याच टाहो सरोवरावर १ जून १९९९ पासून कार्बुरेटरच्या टू-स्ट्रोक एंजिनांना बंदी झाली. पुढें कारखान्यांनीं हीं एंजिनें सोडून दिलीं, त्यामागें अशाच नियमांचा रेटा होता.

गोंदियाचे तलाव हे खेळासाठीं खणलेले नाहींत. धानाला पाणी मिळावें म्हणून कोहळी लोकांनीं पाळी घातल्या आणि बोड्या बांधल्या. मालगुजारीच्या काळापासूनचे ते ‘मामा तलाव’ आजहि शेतें भिजवितात. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें बांधला असें सांगतात. त्याच्या परिसरांत १९७५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें. महाराष्ट्रांत सारस पक्षी आज मुख्यतः याच जिल्ह्यांत आणि शेजारच्या भागांत उरला आहे, आणि तो घरटें बांधतो तें धानाच्या बांधींत आणि तलावाच्या उथळ कांठीं. त्याच पाण्यावर ढिवरांची मासळी पोसते आणि गुरें पाणी पितात. लहान तलावांतील पाणी वाहतें नसतें. त्यांत पडलेलें तेल तेथेंच राहतें. अशा पाण्यांत जुनें टू-स्ट्रोक वाहन घालणें हें, तें कितीहि चांगलें सांभाळलेलें असलें तरी, योग्य नव्हे. यंत्रानें चालणाऱ्या जलवाहनांच्या नोंदणीसाठीं अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आहे आणि राखीव वनांचे नियम निराळे आहेत. पण कायदा विचारण्यापूर्वींच पाणी कोणाचें, हा प्रश्न विचारावा.

मग हें जुनें यंत्र मोडींत घालावें काय? तसें नव्हे. जेथें परवानगी आहे, पाणी विस्तीर्ण आहे आणि पिण्याचें किंवा पक्ष्यांच्या विणीचें नाहीं, तेथें त्याला थोडा वेळ चालवितां येतें. आणि तेथेंहि नीट मापलेलें एंजिन बिघडलेल्या एंजिनापेक्षां पाण्यांत कमी घाण सोडतें. उरलेला बराच काळ तें कार्यशाळेंतील घोडीवरच असतें, आणि त्याची खरी गोडीहि तेथेंच आहे. लुनाच्या आणि चेतकच्या दिवसांत शिकलेली विद्या आतां थोड्याच हातांत उरली आहे. तीं एंजिनें गेलीं, तशी ती विद्याहि जाईल. एखाद्या तरुणानें ती शिकून घ्यावयाची असेल, तर जुन्या जेट-स्कीसारखा कसून परीक्षा घेणारा दुसरा गुरु मिळणें कठीण. त्यानें नव्या चकचकीत नळीवर पैसा खर्च करण्यापूर्वीं सायकलीचा पंप, साबणाचें पाणी आणि घड्याळ घेऊन एंजिनाजवळ बसावें, आणि कोठींत भरलेली हवा दहा मिनिटें टिकते कीं नाहीं, तेवढें आधीं पाहावें.